नेहमीच्या शहरात कामाच्या फेऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पंधरवड्याला, दर महिन्याला किंवा तिमाहीतून एकदा त्याच त्या शहरात ऑफिसच्या कामाने जाणारी माणसं, फावल्या वेळात ते शहर पायी फिरून बघण्याबद्दल मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. मी स्वतः अकरा वर्षं अशा फेऱ्या केल्या. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकाच प्रश्नाचे चार अवतार होते तिथे एक ठेवला आणि बाकीच्यांना त्याच्याकडे पाठवलं.

१. मी कामाला जातो, फिरायला नाही. मग हे सगळं कशाला?

साधा हिशोब करा. महिन्याला २ रात्री म्हणजे वर्षाला २४, पाच वर्षांत १२०. चार महिने झाले. एखाद्या गावात चार महिने काढलेल्या माणसाला आपण ‘तिथे राहून आलेला’ म्हणतो आणि त्याच्याकडून तिथल्या गोष्टी ऐकायला बसतो. तुमच्याकडे सांगायला काय आहे? लिफ्टचा आवाज आणि हॉटेलच्या वायफायचा पासवर्ड.

कंपनीने तुमचे कामाचे तास घेतलेले असतात, डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंतचा अख्खा दिवस नव्हे. सकाळी पाऊण तास बाहेर चालून आलात तर त्यात चोरी कसली? कामाच्या दौऱ्याला जोडून खासगी दिवस काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. ती प्रश्न १२ मध्ये.

२. पन्नास वेळा गेलोय त्या शहरात. आता बघायचं काय उरलंय?

बहुतेक सगळं. पन्नास फेऱ्यांत तुम्ही शहर पाहिलेलं नसतं, एक दोरी पाहिलेली असते: स्टेशन किंवा विमानतळ, तिथून हॉटेल, हॉटेलपासून ऑफिस आणि परत. मी एका शहरात दर महिन्याला जात होते. त्या शहरातून नदी वाहते हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. रोज दोनदा मी तिच्यावरून जात होते, पण पूल यायच्या वेळेला माझं डोकं नेमकं प्रेझेंटेशनमध्ये असायचं. एकदा टॅक्सी पुलावर बंद पडली तेव्हा खाली पाणी दिसलं.

यात तुमचा दोष थोडाच आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की मेंदू तिची दखल घेणं कमी करतो. ही त्याची काटकसर आहे आणि एरवी ती उपयोगीच पडते. तिच्यामुळेच आपल्याला अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श दिवसभर जाणवत राहत नाही. पण तीच काटकसर ओळखीच्या रस्त्यालाही लागू होते.

यावर एक उपाय मी सगळ्यांना सांगते. पुढच्या खेपेला गाडीत बसल्यावर फोन न उघडता, कागदावर त्या शहराचा नकाशा आठवणीतून काढा. दहा मिनिटं पुरतात. चित्रकला वाईट असली तरी चालेल. माझा पहिला नकाशा कावडीसारखा निघाला होता: एका टोकाला विमानतळ, दुसऱ्या टोकाला ऑफिस, मधे नुसती दांडी. कागदावर जो भाग कोरा राहिला, तो तुमच्यासाठी नवं शहर. तो कागद जपून ठेवा, प्रश्न ११ मध्ये लागेल.

३. वेळच मिळत नाही हो. रात्री आठला सुटतो, सकाळी नऊला मीटिंग.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

चाळीस मिनिटं काढता येतील का? साधारण चालीने माणूस तासाला साडेचार ते पाच किलोमीटर चालतो. वीस मिनिटं जायला आणि वीस यायला धरली तर हॉटेलपासून सुमारे दीड किलोमीटरपर्यंत पोचता येतं. दीड किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ७ चौरस किलोमीटर. रस्ते सरळ नसतात, सिग्नल असतात, कुठे रेल्वेचे रूळ आडवे येतात. तरी चार-पाच चौरस किलोमीटर हाताशी राहतातच. त्यातलं तुम्ही किती पाहिलंय?

आता या वर्तुळाचे आठ दिशांप्रमाणे आठ तुकडे करा आणि एका खेपेला एकच दिशा घ्या. या महिन्यात पूर्व, पुढच्या महिन्यात आग्नेय. वीस मिनिटं झाली की कितीही रंगात आला असाल तरी मागे फिरा. एखादं दुकान बंद दिसलं तर पाटीवरच्या वेळा टिपून घ्या. बागेचं फाटक कुलूपबंद असेल तर ते कधी उघडतं ते वाचा. अर्धवट राहिलेलं अर्धवटच राहू द्या.

पर्यटकाला हे परवडत नाही. तो एकदाच आलेला असतो, सगळं उरकायच्या घाईत असतो आणि बंद दार म्हणजे त्याला नुकसान वाटतं. तुमच्याकडे त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: पुढची खेप. या पानावरच्या बाकीच्या उत्तरांमध्येही मी पुन्हा पुन्हा तिथेच येते, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

दोन सूचना अनुभवाच्या. चालायचे बूट पायात घालून प्रवास करा आणि मीटिंगचे बॅगेत टाका, उलट नको. दुसरी, ‘अजून फक्त त्या चौकापर्यंत’ या मोहात पडू नका. मी एकदा पडले, आणि पुढचे तीन तास टाचेवरचा फोड सांभाळत बजेटवर बोलले.

४. सकाळी जावं की संध्याकाळी?

सकाळी. संध्याकाळ तुमची असेलच याची खात्री नसते: मीटिंग लांबते, कोणी जेवायला थांबवतं, घरून फोन येतो. सकाळी साडेसहाला तुमच्यावर कोणाचाच हक्क नसतो.

दुसरं कारण उजेडाचं. सूर्य खाली असताना प्रकाश तिरपा पडतो, त्यामुळे भिंतींवरचं कोरीव काम, जुन्या पाट्यांची उठावाची अक्षरं, दगडांचे सांधे हे सगळं सावल्यांमुळे उठून दिसतं. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असतो तेव्हा सावली वस्तूच्या साडेपाचपटींहूनही लांब पडते. तीच इमारत दुपारी सपाट दिसते.

संध्याकाळ राखून ठेवावी असा एकच दिवस असतो, तो प्रश्न १० मध्ये आहे. वेळेच्या फरकामुळे पहाटेच जाग येत असेल तर प्रश्न १४ पाहा.

५. दर वेळी तेच हॉटेल घ्यावं की बदलावं?

नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे तुम्हाला माहीत असेलच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागचं एक कारण दाखवून दिलं: अनोळखी ठिकाणच्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा सावध राहतो आणि बारीक आवाजालाही प्रतिसाद देतो. दुसऱ्या वेळी त्याच जागी झोपल्यावर हा फरक ओसरला होता. तुमचा मुक्कामच एका रात्रीचा असेल तर तुमची प्रत्येक रात्र पहिलीच ठरू शकते.

म्हणून माझा कौल एकाच हॉटेलला. ओळखीची खोली, ओळखीचा आवाज, शक्य असेल तर तोच मजला. शिवाय सकाळी बाहेर पडताना बॅग ठेवून घेणारं ओळखीचं माणूस मिळतं, आणि चेक-आउटनंतरचे तीन तास मोकळे होतात. ही सोय मला हॉटेलं नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात त्या पॉइंट्सपेक्षा मोठी वाटते.

पण आठही दिशा संपल्या की हॉटेल बदला, आणि बदलताना भाग बदला. त्याच रस्त्यावरचं दुसरं हॉटेल घेतलंत तर झोपही गेली आणि शहरही तेच राहिलं.

६. मेट्रोने जाणं बरं की चालत? नकाशावर तर सगळं लांब दिसतं.

मेट्रोचा नकाशा अंतरं सांगत नाही, क्रम सांगतो. १९३३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक या आराखडाकाराने केलेला नकाशा लोकांच्या हातात आला. त्यात रस्ते-बिस्ते काही नव्हते; त्याने रेषा सरळ किंवा ४५ अंशांत ठेवल्या आणि स्थानकं जवळपास सारख्या अंतरावर बसवली. ती कल्पना इतकी सोयीची निघाली की पुढे जगभरच्या मेट्रोंनी ती उचलली. गंमत अशी की त्याच लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारची स्थानकं एकमेकांपासून जेमतेम २६० मीटरवर आहेत. सरकत्या जिन्याने खाली उतरून गाडीत बसेपर्यंत माणूस चालत पोचलेला असतो.

तुमच्या शहरातही अशा जोड्या असतील. मेट्रोचा नकाशा आणि खरा नकाशा शेजारी ठेवून एकदा बघा. रोजच्या प्रवासात एक स्थानक आधी उतरून चालणं हा वेळ न काढता वेळ काढायचा उत्तम मार्ग. परतीची गाडी पकडायची असेल तेव्हा मात्र हे प्रयोग नकोत.

७. एकट्याने फिरायला ओशाळल्यासारखं होतं. लोक काय म्हणतील?

काही म्हणत नाहीत. लोकांना त्यांचीच घाई असते.

तरी अवघडल्यासारखं वाटत असेल तर एक जागा ठरवा आणि दर खेपेला तिथेच जा: बागेतला एखादा बाक, वाचनालयाची खोली, जुन्या पुस्तकांचं दुकान. घर ही पहिली जागा आणि काम ही दुसरी धरली, तर समाजशास्त्रज्ञ जिला ‘तिसरी जागा’ म्हणतात ती ही. चौथ्या-पाचव्या खेपेला तिथलं कोणीतरी ओळखीचं हसतं. मला एका दुकानदारांनी एकदा विचारलं, “मागच्या महिन्यात दिसला नाहीत?” त्या शहरात माझी अनुपस्थिती लक्षात आलेला तो पहिला माणूस. नंतर दोन दिवस मी उगाचच खुशीत होते.

८. मी बाई आहे. रात्री एकटीने बाहेर पडू का?

याचं एकच उत्तर सगळ्या शहरांना लागू पडत नाही, पण उत्तर शोधायची माझी रीत सांगते. रिसेप्शनवर ‘हा भाग सुरक्षित आहे का’ असं विचारू नका, ‘हो मॅडम’ हे पाठ केलेलं उत्तर मिळतं. तिथे काम करणाऱ्या बाईला विचारा, “तुम्ही स्वतः ड्यूटी संपल्यावर याच रस्त्याने जाता का?” ती जे सांगेल ते खरं. एकीने मला मागचं दार दाखवलं होतं. पुढचा रस्ता उजेडाचा होता पण रिकामा, मागचा बोळ अरुंद पण रात्री अकरापर्यंत वर्दळीचा.

नवा रस्ता आधी दिवसा चाला, मग रात्री. आपलं लोकेशन घरच्या एका माणसाला पाठवत राहा. अस्वस्थ वाटलं तर कारण शोधत बसू नका, मागे फिरा. ती दिशा पुढच्या खेपेला सकाळी करता येते.

९. क्लायंट रोज रात्री जेवायला नेतात. नाही कसं म्हणायचं?

रोज नाही म्हणू नका, एका रात्रीपुरतं म्हणा, आणि ते निघण्याआधीच कळवा. “मंगळवारी रात्री आपण भेटू, बुधवारची संध्याकाळ मी माझ्यासाठी ठेवली आहे” असं आठवडाभर आधी लिहिलं की कोणाला लागत नाही. ऐन सात वाजता सांगितलं तर मात्र रुसवा ठरलेला. बऱ्याचदा समोरच्यालाही सुटल्यासारखंच होतं; त्यालाही घरी जायचं असतं.

जेवताना त्यांच्याकडून एक गोष्ट काढून घ्या. ‘इथे बघण्यासारखं काय आहे’ असं विचारलंत तर प्रसिद्ध ठिकाणांची यादी मिळेल, जी सांगणाऱ्यानेही शाळेच्या सहलीनंतर पाहिलेली नसते. त्याऐवजी विचारा, “सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास मोकळे मिळाले तर तुम्ही कुठे जाता?” माणूस थांबतो, विचार करतो, आणि मग एखाद्या तळ्याचं नाव सांगतो.

१०. संग्रहालयं बघायची आहेत, पण दीड तासात काय होणार?

एक दालन. ठरवून एकच. वीस दालनांचं संग्रहालय म्हणजे वीस खेपा, आणि वीस खेपांनी तुम्ही त्याला जेवढं ओळखाल तेवढं एका दिवसात धापा टाकत फिरणारा कधीच ओळखणार नाही. माझ्या एका मित्राने सात वर्षांत एका संग्रहालयातली फक्त घड्याळं बघितली. आता तिथला रखवालदारच येणाऱ्यांना त्याच्याकडे पाठवतो.

कामाला येणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आठवड्याची सुट्टी: बऱ्याच संग्रहालयांना सोमवारची असते आणि नेमके आपले दौरे सोमवारी सुरू होतात. दुसरी, उशिरापर्यंत उघडं असण्याचा वार. अनेक मोठी संग्रहालयं आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी जास्त वेळ चालू ठेवतात. प्रश्न ४ मध्ये राखून ठेवा म्हटलं ती संध्याकाळ हीच. दौऱ्याची तारीख तुमच्या हातात असेल तर त्या वाराभोवती बांधा. तिसरी, वार्षिक सभासदत्व. स्थानिक लोकांसाठीच आहे असं समजून आपण तिकडे बघतही नाही. वर्षात पाच-सहा खेपा होणार असतील तर हिशोब करून बघा. पैशांपेक्षा मोठा फायदा असा की सभासदाला वीस मिनिटांसाठी आत जाऊन बाहेर पडताना जीव तुटत नाही.

मोठ्या बॅगा बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे बॅग हॉटेलवरच ठेवा.

११. नोंदी ठेवाव्यात का? मला डायरी लिहायचा कंटाळा आहे.

मलाही. म्हणून दर खेपेला एक ओळ लिहायची. तारीख, दिशा आणि लक्षात राहिलेली एक गोष्ट. ‘ईशान्य. जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. गुरुवारी बंद.’ बस.

लिहायचंच नसेल तर फोटो काढा, पण दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेचा. एक झाड, एक कोपरा, खिडकीतून दिसणारं एक बांधकाम. पहिले तीन फोटो बघून हसू येतं. बारावा काढल्यावर ओळीने लावून बघा: खड्डा, पाया, मजले, पडदे. शहर विषुववृत्तापासून दूर असेल तर उजेडही साक्ष देतो. विषुववृत्तावर दिवस वर्षभर साधारण १२ तासांचाच असतो. ५० अक्षांशांवर मात्र तो हिवाळ्यात सुमारे ८ तासांवर येतो आणि उन्हाळ्यात १६ तासांच्या वर जातो. संध्याकाळी सहाला काढलेले डिसेंबरचे आणि जूनचे फोटो एकाच जागेचे आहेत हे पटत नाही.

आणि प्रश्न २ मधला तो आठवणीतला नकाशा वर्षाने पुन्हा काढा. जुना न बघता.

१२. कामाला जोडून शनिवार-रविवार राहिलो तर चालतं का? खर्चाचं काय?

बऱ्याच कंपन्यांत चालतं, पण विचारून आणि लेखी. तोंडी ‘हो, हो, राहा ना’ म्हणणारे साहेब बिल पास करायच्या वेळी रजेवर असतात.

आधी ठरवून घ्यायचं ते असं: परतीचं तिकीट रविवारचं महाग पडलं तर फरक कोण भरणार, शुक्रवारपर्यंतचं हॉटेल आणि पुढचं हॉटेल अशी वेगळी बिलं मिळतील का, आणि खासगी दिवसांत काही झालं तर कंपनीचा प्रवास विमा लागू होतो का. विम्याचा मुद्दा लोक विसरतात. कामाच्या दौऱ्यासाठी काढलेला विमा खासगी दिवसांना पुरेलच असं नाही, तेव्हा पॉलिसीची अट स्वतः वाचा. कधी शनिवारी राहिल्याने तिकीट स्वस्तही पडतं. तसं असेल तर दोन्ही दर अर्जाला जोडा, मंजुरी पटकन येते.

खर्चाच्या क्लेममध्ये खासगी टॅक्सीची एकही पावती जाऊ देऊ नका. रक्कम किरकोळ असते, पण संशय किरकोळ राहत नाही.

१३. परदेशात वारंवार जाते. जास्तीचे दिवस राहिल्याने काही अडचण?

होऊ शकते, आणि ती दिवस मोजण्यात असते. शेंगेन क्षेत्राचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचं, उदाहरण घ्या: अल्पकालीन मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरतात, आणि १८० दिवसांची चौकट तुमच्याबरोबर रोज पुढे सरकते. वारंवार जाणाऱ्याने जोडलेले शनिवार-रविवार यातच मोजले जातात. काम केलं की बागेत बसलात, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही.

दुसरा आकडा १८३. पगारावरचा कर कुठे लागणार हे ठरवताना अनेक देशांमधल्या करारांत १८३ दिवसांची अट येते. तीच एकमेव अट नसते, पण तिथेही सहसा हजर असलेले दिवस मोजतात, सुट्ट्यांसह. आकडा जवळ येऊ लागला की कंपनीच्या कर सल्लागाराला विचारा. मी वर्षाच्या सुरुवातीपासून एका तक्त्यात येण्याजाण्याच्या तारखा भरत राहते. डिसेंबरात पासपोर्टवरचे पुसट शिक्के भिंगातून वाचायची वेळ येत नाही.

आणि व्हिसा कामाचा असताना फावल्या वेळात शहर बघण्यात सहसा अडचण नसते. उलट चालत नाही: पर्यटक व्हिसावर काम करायला बहुतेक देशांत मनाई आहे.

१४. वेळेचा फरक मोठा आहे. दोन दिवस नुसते गुंगीत जातात.

शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकतं. सहा तासांचा फरक आणि दोन दिवसांचा मुक्काम असेल तर जुळवून घ्यायच्या फंदातच पडू नका, शक्य तेवढं घरच्या वेळेने झोपा-उठा. मुक्काम चार-पाच दिवसांहून मोठा असेल तर जुळवणं फायद्याचं.

पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरीने २४ तासांहून थोडं लांब चालतं, १९९९ मधल्या एका मोजणीत ते २४ तास ११ मिनिटं भरलं. त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं कठीण, आणि पूर्वेला गेल्यावर नेमकं लवकर झोपावं लागतं.

पश्चिमेला गेल्यावर पहाटे चारला टक्क जाग येते. तिचा राग करू नका. तेव्हा झोपेसाठी धडपडत पडून राहण्यापेक्षा आवरून ठेवा आणि उजाडताच बाहेर पडा. माझ्या आठ दिशांपैकी तीन अशाच झाल्या.

१५. हॉटेल हायवेवर आहे. फुटपाथच नाही, चालणार कुठे?

मग प्रश्न ३ मधलं वर्तुळ हॉटेलभोवती न काढता दुसरीकडे काढा: ऑफिसभोवती, किंवा परतीच्या वाटेवरच्या मोठ्या स्टेशनभोवती. शेवटच्या दिवशी दोन तास आधी निघा, सामान स्टेशनवर ठेवायची सोय आहे का बघा आणि ते वर्तुळ फिरा. औद्योगिक वसाहतीतच अडकला असाल आणि जवळ काहीच नसेल तर एक संध्याकाळ शहरात जायला ठेवा, बाकीच्या संध्याकाळी झोपा. झोपणं हाही मुक्कामाचा चांगला उपयोग आहे.

१६. सगळं करून बघितलं. मला ते शहर आवडतच नाही.

नसेल आवडत. प्रत्येक शहराने आपल्याला आवडावंच असा करार नाही. फक्त एकदा तपासा की नावडतं ते शहर आहे की तिथलं काम. एका शहराबद्दल मी तीन वर्षं कुरकुर करत होते. काम दुसऱ्या विभागाकडे गेलं, मला तिथे एका लग्नाला जावं लागलं, आणि तेच रस्ते बरे दिसले. मला त्रास होत होता तो दर महिन्याच्या आढाव्याचा.

शहरच आवडत नसेल तर त्यातली एक गोष्ट निवडा आणि तेवढीच धरा. पूल, पक्षी, जुन्या दुकानांच्या पाट्या, काहीही. सगळं शहर अंगावर घेऊ नका.

१७. पूर्वी मी याच शहरात सहा वर्षं राहायचो. आता हॉटेलात उतरतो तेव्हा विचित्र वाटतं.

सगळ्यात अवघड प्रकार हा. वरचे उपाय इथे अर्धेच चालतात, कारण तुमचा नकाशा कोरा नाही, जुना आहे. प्रत्येक कोपऱ्यावर ‘इथे पूर्वी अमुक होतं’ असा खटका बसतो.

जुन्या घराकडे एकदा जाऊन या. दिवसा, पायी, आणि दार न वाजवता. मग पुरे. दर खेपेला त्या गल्लीत जाणारे मी पाहिलेत, ते दर वेळी थोडे जास्त उदास होऊन येतात. त्यानंतरच्या फेऱ्या राहत असताना कधीच न गेलेल्या भागांना द्या. असे भाग भरपूर निघतील. राहणारा माणूस ‘जाऊ की कधीतरी’ म्हणत सगळं टाळत असतो.

दुसरा पेच गोतावळ्याचा. “आलास आणि भेटलाही नाहीस?” हे वाक्य टाळायला काही जण चोरासारखे येऊन जातात आणि नेमके स्टेशनवर सापडतात. त्यापेक्षा उघडपणे पाळी लावा: एका खेपेला एक घर. मावशींना सांगून टाका, “या वेळी दादांकडे जातोय, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे.” पुढची तारीख कळली की माणसं रागवत नाहीत, ती वाट बघतात. जुन्या मित्रांना घरी गाठण्याऐवजी प्रश्न ३ मधल्या चाळीस मिनिटांना बोलवा. चालता चालता गप्पा लवकर जुन्या वळणावर येतात.

१८. घरी मुलं, सासूबाई, सगळं नवऱ्यावर टाकून येते. तिकडे फिरायला अपराधी वाटतं.

हॉटेलच्या खोलीत बसून राहिल्याने घरचं एकही काम हलकं होत नाही. फोनची वेळ ठरवा आणि ती काटेकोरपणे पाळा. बाकीची चाळीस मिनिटं तुमची. मुलांना कौतुक भेटवस्तूंपेक्षा चालू गोष्टीचं असतं. माझ्या मुलीला त्या बांधकामाचं वेड होतं (प्रश्न ११), फोन उचलताच ती विचारायची, “किती मजले झाले?”

१९. काम संपतंय, पुढच्या महिन्यापासून जाणं बंद. शेवटच्या खेपेला काय करू?

शेवटची खेप आधी कळली असेल तर तुम्ही भाग्यवान. माझं काम एका ई-मेलने संपलं आणि मागची फेरी हीच शेवटची होती असं घरी बसून समजलं.

आधी कळलं असेल तर नवं काही बघायला जाऊ नका. ओळखीच्या दोन-तीन माणसांना सांगून या. त्या दुकानदारांना, बॅग ठेवून घेणाऱ्या मुलाला. वाचनालयाचं पुस्तक परत करा. मेट्रोच्या कार्डात शिल्लक असेल तर ते कार्ड नंतर येणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात द्या. नेहमीच्या जागेवरून शेवटचा फोटो काढा.

माझ्या वहीत त्या शहराच्या सात दिशा भरलेल्या आहेत, वायव्य कोरी राहिली. माझ्या जागी जाऊ लागलेल्या सहकाऱ्याला मी सगळ्या पानांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, वायव्येला जाऊन ये. त्याचं उत्तर आलं, “मॅडम, ऑफिसने हॉटेल बदललंय. आता आठही दिशा नव्या.”